अक्षराचे काठ

मराठी अक्षर कागदावर रेघेने उतरतं. बोरूने ‘व’ काढायचा तर हात एका झोकात डावीकडे जातो, पोट फुगवतो आणि खालून फिरून उभ्या दंडाला येऊन टेकतो. रेघ कुठे जाड व्हायची आणि कुठे बारीक, ते बोरूच्या तिरक्या टोकाने परस्पर ठरवलेलं असतं. हाच ‘व’ कोरल किंवा इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाथ, म्हणजे बाह्यरेषा, करून उघडला की रेघ नाहीशी होते. उरतात तिच्या दोन कडा, बाहेरची आणि आतली, नदीच्या काठांसारख्या. संगणकाला प्रवाह ठाऊक नसतो, काठ तेवढे ठाऊक असतात. त्या काठांवर ठिकठिकाणी बारीक ठिपके दिसतात ते नोड, आणि एखादा नोड निवडला की त्याच्या दोन्ही अंगांना ज्या दांड्या फुटतात ती हँडल. नवशिक्याची चित्रकलेशी झालेली सगळी दोस्ती इथे येऊन अडते. आजवर त्याने रेघ ओढलेली असते. आता त्याला रेघेची हद्द आखायची असते.

मी मुलुंडला राहते, पुस्तकांची मुखपृष्ठं करते. रविवारी सकाळी काही जण शिकायला घरी येतात. कुणी फ्लेक्सच्या दुकानात काम करतं, कुणी कॉलेजात आहे, एक बाई मशीनवरच्या भरतकामाची डिझाइनं करतात. पेन टूल सगळ्यांना हवं असतं, कारण त्याचं नाव ओळखीचं आहे. मी त्यांना आधी पेन देत नाही. एक अक्षर देते, तयार, आणि विचारते: याच्या कडेने बोट फिरवा आणि सांगा, बोटाची दिशा कुठे बदलली? ‘व’च्या पोटाच्या बाहेरच्या कडेने वरून निघालं तर बोट डावीकडे सरकत सरकत एका जागी पोचतं, जिथे त्याहून डावीकडे काही उरत नाही. क्षणभर ते सरळ खाली चाललेलं असतं. मग उजवीकडे झुकायला लागतं आणि पोटाच्या तळाशी पुन्हा एक जागा येते, जिथे ते पुरतं आडवं असतं. या दोन जागा सापडल्या की बाहेरच्या काठाचं निम्मं काम झालं. नोड तिथे द्यायचे. अगदी डावीकडे दिला की त्याची हँडल सरळ उभी ठेवता येतात, अगदी तळाशी दिला की सरळ आडवी. टाइप डिझाइन करणारे जगभर हेच करतात, कारण अशा ठिकाणी बसलेला नोड पुढे अक्षर रुंद करताना, जाड करताना, छोट्या पडद्यावर दाखवताना दगा देत नाही.

हँडलबद्दल मी दोनच गोष्टी सांगते. हँडलची दिशा सांगते की काठ नोडमधून कुठे निघणार. हँडलची लांबी सांगते की तो ती दिशा किती वेळ धरून ठेवणार. लांबी त्या तुकड्याच्या साधारण एक तृतीयांश ठेवून सुरुवात करावी. त्याहून फार आखूड ठेवली तर वळण कोपऱ्यासारखं टोचतं, फार लांब ठेवली तर पोट चपटं होऊन शेवटी एकदम घसरतं. एका नोडची दोन्ही हँडल एका ओळीत असली की काठ तिथून अलगद जातो. ती ओळ मोडली की कोपरा पडतो. शिरोरेषा दंडाला मिळते तिथे कोपरा हवा, पोट सुरू होतं तिथे नको. मुलांना हे पाच मिनिटांत समजतं आणि हातात यायला काही महिने जातात, कारण समजायचं असतं ते अक्षर.

आतला काठ बहुतेक जण विसरतात. बाहेरचं पोट सुंदर गोल करून झाल्यावर कुणीतरी खूश होऊन पडदा माझ्याकडे वळवतो, आणि ‘व’ला मधेच सूज आलेली असते. बाहेरचा काठ हलवला तर आतल्यालाही त्याच्या बेताने हलावं लागतं, कारण दोघांमध्ये जे अंतर आहे तीच तर हाताने ओढलेली रेघ आहे. पण ते काठ समांतरही नसतात. बोरूची रेघ उतरताना जाड होते, वळताना बारीक होते, म्हणून आतल्या पोटाचा डावा नोड बाहेरच्या डाव्या नोडच्या अगदी समोर बसत नाही, थोडा वर किंवा खाली सरकतो. किती सरकवायचा हे कुठल्याही पुस्तकात नाही. त्यासाठी बोरू किंवा कट-निबचं पेन हातात धरून तेच अक्षर कागदावर काढावं लागतं. माझ्या टेबलावर संगणकाशेजारी शाईची बाटली असते ती याचसाठी.

वर्तुळाची गोष्ट मला सांगायला फार आवडते. या सगळ्या सॉफ्टवेअरांत पाथचं वर्तुळ चार नोडांवर उभं असतं: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येकाचं हँडल त्रिज्येच्या सुमारे ०.५५२३ पट लांब. दिसायला ते निर्दोष वर्तुळ. पण गणिताने पाहिलं तर ते वर्तुळ नाही. या जातीच्या वक्राला खरं वर्तुळ काढताच येत नाही. फरक त्रिज्येच्या दहा हजारांत तीन भागांहूनही कमी. एक मीटर त्रिज्येची पाटी कापली तर कुठेतरी पाव मिलिमीटरच्या आसपास. ज्या आकाराला आपण सर्वांत परिपूर्ण समजतो तोही इथे चार नीट निवडलेल्या जागांवर आणि आठ हँडलांच्या नीट मोजलेल्या लांबीवर उभा आहे, आणि त्याने जगाचं काम उत्तम चालतं.

नोड किती असावेत याचं उत्तर मला पडद्यापेक्षा घाटकोपरच्या एका रेडियमच्या दुकानात अधिक स्पष्ट मिळालं. दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. रिक्षावाले तिथे मागच्या काचेवर आईचं नाव, गावच्या देवाचं नाव, मुलांची नावं करून घ्यायला येतात. दारापाशी कटिंग प्लॉटर ठेवलेला. विनाईलचा रोल पुढे-मागे सरकतो, वरचं ब्लेड डावी-उजवीकडे धावतं, आणि या दोन हालचालींतून ‘आईचा आशीर्वाद’ कापला जातो. पडद्यावरचा पाथ इथे शब्दशः वाट होतो. ब्लेड त्याच्यावरून चालतं. काठावर थोडे आणि जागच्या जागी नोड असले तर ब्लेड सरसर जातं, एकच लांब आवाज येतो. नोडांची गर्दी असली तर ते थबकत, हिसके देत जातं, आवाज तुटतो, काठ दातेरी होतो, आणि नको असलेलं विनाईल सोलून काढताना तिथेच अक्षराची कड उचकटते. दुकानातला मुलगा पडद्याकडे न बघता, नुसत्या आवाजावरून सांगतो की फाइल साफ आहे की नाही. “दादा, थोडं थांबा, ट्रेस साफ करतो,” असं तो रिक्षावाल्याला म्हणतो, आणि साफ करणं म्हणजे नोड काढणं.

मराठीसाठी त्याला आणखी एक काम करावं लागतं, जे इंग्रजी नावाला करावं लागत नाही. इंग्रजी अक्षरं सुटी असतात. आपली शिरोरेषेने एकमेकांना धरून असतात, आणि संगणकात ती धरलेली दिसतात एवढंच. प्रत्यक्षात एका अक्षराची शिरोरेषा पुढच्याच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते. पडद्यावर काळ्यावर काळं दिसत नाही. ब्लेडला मात्र दोन्ही काठ दिसतात आणि ते दोन्ही कापतं. ‘आशीर्वाद’ची शिरोरेषा पाच ठिकाणी चिरली जाते आणि पहिल्या पावसाळ्यात तिथून सुटायला लागते. म्हणून आधी सगळी अक्षरं वेल्ड करायची, एकच सलग बाह्यरेषा करायची. वेल्ड केल्यावरही काम संपत नाही. जिथे दोन शिरोरेषा केसभर वरखाली होत्या तिथे इवलीशी पायरी तयार होते, तिच्यावर दोन नको असलेले नोड बसतात. तो मुलगा झूम करून प्रत्येक जोडावर जातो आणि ते उडवतो. काचेवर लागल्यावर त्या पायऱ्या कुणालाही दिसणार नाहीत. तरी तो उडवतो. त्या दुकानात मी तासन् तास उभी राहिले आहे ते हे बघायला.

आणि ‘व’चं पोट भरून जाणं. नवशिक्याने अक्षर ब्रेक अपार्ट केलं की ‘व’, ‘ब’, ‘प’, ‘ष’ यांची पोटं एकदम काळी होतात. घाबरून जायची वेळ येते. झालेलं असतं इतकंच की बाहेरचा आणि आतला काठ, जे आजवर मिळून एक आकार होते, ते दोन वेगळे आकार झाले, आणि आतला पांढरा भाग स्वतःच एक काळा तुकडा झाला. पुन्हा कम्बाइन केलं की भोक परत येतं. फॉन्टच्या फाइलीत हे आणखी नेमकं असतं. बाहेरचा पाथ एका दिशेने फिरतो, आतला उलट दिशेने. पोस्टस्क्रिप्टच्या रीतीत बाहेरचा घड्याळाच्या उलट, ट्रूटाइपच्या रीतीत घड्याळाच्या दिशेने. ‘व’च्या पोटातली मोकळी जागासुद्धा कुणीतरी आखलेली असते, तिलाही दिशा असते, हे एकदा पाहिलं की छापील पान पूर्वीच्या नजरेने वाचता येत नाही.

आता ट्रेस. मोबाइलने फोटो काढायचा, कोरलमध्ये टाकायचा, ट्रेसचं बटण दाबायचं. क्षणात पाथ तयार. उपनगरांतल्या निम्म्या पाट्या अशाच होतात आणि घाई असताना दुसरा उपायही नसतो. पण त्या पाथवर शेप टूल घेऊन गेलं की काठावर नोडच नोड दिसतात. ट्रेसला अक्षर येत नाही. त्याला काळा आणि पांढरा ठिपका कळतो, म्हणून पेंटरच्या ब्रशने जाणूनबुजून घेतलेलं वळण आणि भिंतीच्या पोपड्याने पडलेला खड्डा या दोहोंना तो सारखंच मोल देतो. सिम्प्लिफाय केलं तर नोड कमी होतात, पण कोणते जावेत हे पुन्हा तोच ठरवतो. खड्ड्याबरोबर वळणही घासलं जातं.

इथे एक गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला करून दाखवते. वक्रावर कुठेही डबल क्लिक करून नोड घाला. आकार जराही बदलत नाही. आता तो सोडून मुळातला एक नोड काढा. आकार हलतो, कधी थोडा, कधी पुरता. नोड घालणं फुकट आहे, काढणं फुकट नाही. घालताना संगणक एक साधी भूमिती वापरतो, ती आम्ही आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने करतो. दोन नोड आणि त्यांची दोन हँडलटोकं, असे चार बिंदू घ्या. क्रमाने जोडा, तीन रेषा होतील. प्रत्येकीचा मध्य काढा, ते तीन मध्य जोडा, दोन रेषा होतील. त्यांचे मध्य जोडा, एक रेषा उरेल. तिचा मध्य म्हणजे वक्रावरचा बिंदू, आणि ती शेवटची रेषा म्हणजे वक्राची तिथली दिशा. नवा नोड तिथे बसतो, मधे काढलेले बिंदू त्याची आणि शेजाऱ्यांची हँडल होतात. भरतकामाच्या बाईंनी हे पहिल्यांदा पट्टीने करून पाहिलं तेव्हा त्या बराच वेळ कागद खाली ठेवत नव्हत्या. काढताना मात्र उलट वाट नाही. गेलेल्या नोडने जे धरून ठेवलं होतं ते उरलेल्या दोघांना वाटून द्यावं लागतं, आणि ते वाटप कसं करायचं हे अक्षर ओळखणाऱ्यालाच सांगता येतं.

ही भूमिती मोटारींच्या कारखान्यात जन्मली. सित्रोएनमध्ये काम करणाऱ्या पॉल द कास्तेल्जो या गणितज्ञाने १९५९ मध्ये ही मध्य काढत जाण्याची रीत बसवली. कंपनीने ती गुपित ठेवली. पुढच्या दशकात रेनोचे अभियंते पिएर बेझिए तशाच वक्रांवर स्वतंत्रपणे पोचले, त्यांनी ते प्रसिद्ध केले, आणि वक्राला नाव बेझिएंचं मिळालं. अडचण दोघांचीही एकच होती. मोटारीचा पत्रा आखणारा कलाकार हाताने वळण काढी, कारागीर त्यावरून साचा करी, आणि मधल्या प्रत्येक हातात वळण थोडं बदलत जाई. यंत्राला सांगता येईल असं, कुणाच्याही हातात न बदलणारं वळण त्यांना हवं होतं. पुढे अडोबीच्या पोस्टस्क्रिप्टने छपाईसाठी हेच वक्र घेतले, १९८७ मध्ये इलस्ट्रेटरने ते सामान्य चित्रकाराच्या हातात दिले, १९८९ मध्ये कोरलड्रॉ आला, २००३ मध्ये सोडिपोडी नावाच्या सॉफ्टवेअरमधून वेगळं होऊन मोफत इंकस्केप निघालं. बेझिए १९९९ मध्ये गेले, द कास्तेल्जो २०२२ मध्ये. घाटकोपरच्या रिक्षेवर ‘जय मल्हार’ कापणारं ब्लेड त्यांच्याच रेषेवरून चालतं.

मात्र वळणावर प्रभुत्व असायला नोड लागत नाहीत, याचा दाखला आमच्या मुलुंडातच होता. कमल शेडगे इथे राहत; २०२० मध्ये ते गेले. वर्तमानपत्राच्या कला विभागात नोकरी करता करता त्यांनी मराठी नाटकांची नावं अशी लिहिली की जाहिरातीच्या पानावर नाटक आधी अक्षरातून कळे. ‘मत्स्यगंधा’ लिहिताना अक्षराला पाण्याची ओढ असावी आणि ऐतिहासिक नाटकाच्या नावाला धार असावी, असं त्यांना वाटे आणि ते त्यांना हाताने करून दाखवता येई. ‘माझी अक्षरगाथा’ या पुस्तकात ही नावं एकत्र पाहायला मिळतात. सरावासाठी मी त्यांची अक्षरं पडद्यावर घेऊन हाताने पाथ काढते, आणि दर वेळी तोच अनुभव येतो: नोड फार थोडे पुरतात. एवढी नखरेल, डौलदार दिसणारी अक्षरं, पण काठावर बोट फिरवलं की दिशा मोजक्याच जागी बदलते आणि तिथे ठामपणे बदलते. हात कुठे कचरलेला नसतो. जिथे हात कचरतो तिथेच जास्तीचा नोड लागतो.

नोड येण्याच्या कितीतरी आधी मुंबईत काठांचा हाच प्रश्न पोलादावर सोडवला गेला होता. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासोबत राणोजी रावजी आरू होते, ठसे कोरणारे. पोलादाच्या दांडीच्या टोकाला अक्षर उलटं कोरायचं, पोटाची मोकळी जागा वेगळी काढायची, मग तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा. तिथे चुकलेला काठ मागे घेता येत नसे. निर्णयसागरची अक्षरं बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्रणावरच्या १९७१ च्या ग्रंथात आदराने अभ्यासली आहेत. मी ती भिंगाखाली पाहते तेव्हा आरूंनी आतल्या आणि बाहेरच्या काठांचा जो मेळ धरला आहे तो माझ्या पडद्यावर अजून पुरता साधत नाही असं दिसतं.

पोलाद आणि पडदा यांच्यामध्ये र. कृ. जोशी उभे आहेत. रघुनाथ कृष्ण जोशी, १९३६ ते २००८. जाहिरात क्षेत्रात कला दिग्दर्शक, सुलेखनकार, कवी, आणि पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन केंद्रात शिक्षक. जुहूला गुलमोहर क्रॉस रोडवर नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी होतं, जे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालं. तिथे बसून त्यांनी ‘मंगल’ हा फॉन्ट केला, जो विंडोज २००० बरोबर जगभर गेला. वर्षानुवर्षं सरकारी पत्र, शाळेची सूचना, बँकेचा अर्ज असं कुठलंही मराठी संगणकावर उमटलं की ते बहुधा ‘मंगल’मध्ये असे. त्याच्यावर रुक्षपणाचा आरोप होतो. तो आरोप करणाऱ्यांना मी एकदा त्याचे पाथ उघडून बघा म्हणते. तेव्हाचे पडदे खडबडीत ठिपक्यांचे, त्यावर ‘क्ष’ची गाठ आणि ‘ध’चा वळसा वेगवेगळा दिसायचा होता. शिवाय ट्रूटाइपचा वक्र दोन बिंदूंमध्ये एकच हँडल देतो, बेझिएच्या नेहमीच्या वक्रासारखी दोन नाही. बोरूवर हात बसलेल्या माणसाने त्या तुटपुंज्या साधनात मराठी अक्षराला उभं ठेवलं. त्यांनी आणखी एक फॉन्ट केला त्याचं नाव ‘रघु’, आणि तो मोकळ्या परवान्याखाली सगळ्यांना दिला.

घाटकोपरहून अंधेरीला मेट्रोने जाताना मी खिडकीशी उभी राहते. २०१४ मध्ये ही वाट सुरू झाली तेव्हापासून असल्फा, साकीनाका, मरोळ नाका इथल्या पाट्या डोळ्यांच्या पातळीवर आल्या आहेत. गेल्या काही वर्षांत या पाट्यांवर मराठी ठळक झालं. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन मराठी अक्षरं इतर लिप्यांपेक्षा लहान नसावीत असं ठरलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ही लढाई मला मनापासून माझी वाटते. पण कायदा अक्षराची उंची मोजतो. अक्षराचा काठ कुणी मोजत नाही. दोन महिन्यांत हजारो पाट्या करायच्या म्हणून ट्रेस झाले, तयार फॉन्ट आडवे ताणले गेले, आणि ताणताना उभा दंड पसरून जाडजूड झाला, शिरोरेषा मात्र तेवढीच राहिली. मोठ्या ब्रँडांनी आपल्या इंग्रजी नावाशी जुळणारं मराठी काढून घेतलं. त्यात इंग्रजी ‘ओ’चा अर्धा भाग उचलून ‘व’ला पोट म्हणून लावलेला दिसतो. पोट गोल आहे, गुळगुळीत आहे, तरी डोळ्याला खटकतं. रोमन लिहिणारी लेखणी आणि देवनागरी लिहिणारा बोरू यांचे काप उलट आहेत. म्हणून पारंपरिक अक्षरात आपल्या रेघेची जाडी रोमनच्या उलट बाजूला झुकते. उसना घेतलेला काठ ती उलटी झुक घेऊन येतो. अशा पाट्यांवर मी रागावत नाही. ज्याने ती केली त्याला कुणी ‘व’च्या कडेने बोट फिरवायला सांगितलं असतं तर त्याने चांगलीच केली असती, एवढं मला ठाऊक आहे. आणि मधेच एखादी पाटी अशी दिसते की मी पुढचं स्टेशन येईपर्यंत मान वळवून बघत राहते: ‘ळ’चे दोन्ही वळसे सारख्या वजनाचे, गाठ मोकळी, शिरोरेषा सलग. ती कुणी केली ते कुठेच लिहिलेलं नसतं.

चांगले काठ बघायचे तर आज पैसे पडत नाहीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘मोदक’ असे फॉन्ट मोकळ्या परवान्याखाली दिले आहेत. इंकस्केपही मोफत. ‘मुक्ता’तलं एक अक्षर टाइप करा, पाथ करा, आणि नुसते नोड बघा. मग तेच ‘मोदक’मध्ये बघा. ‘मोदक’ इतका गुबगुबीत आहे की पोटातली मोकळी जागा एका बारीक चिरेएवढी उरते, आणि ती चीर कुठे वळते यावरच ‘व’ आणि ‘ब’ ओळखू येतात. नवशिक्याने इथून शिकावं असं मला वाटतं, व्हिडिओ पाहण्याच्या आधी. चांगल्या अक्षराचा पाथ उघडावा, एक नोड काढून काय मोडतं ते पाहावं, परत आणावा, दुसरा काढावा. संध्याकाळपर्यंत कळतं की त्यातला एकही शोभेसाठी ठेवलेला नाही.

घाटकोपरच्या दुकानातला तो मुलगा आता रविवारी आमच्याकडे येतो. त्याला स्वतःचा फॉन्ट करायचा आहे, काचेवर कापायला सोपा, आणि बारीक ते जाड अशा सगळ्या वजनांत मिळणारा. २०१६ पासून फॉन्टच्या तंत्रात ही सोय आली आहे: दोन टोकांची अक्षरं काढायची, एक अगदी बारीक, एक अगदी जाड, मधली सगळी वजनं संगणक हिशेबाने काढतो. अट एकच. दोन्ही टोकांच्या अक्षरात नोडांची संख्या तीच हवी, क्रम तोच हवा, सुरुवातही त्याच नोडपासून हवी, कारण बारीक ‘क’चा तिसरा नोड जाड ‘क’च्या तिसऱ्या नोडकडेच चालत जाणार आहे. एक जास्तीचा नोड असला की मधलं अक्षर तयारच होत नाही, क्रम चुकला की ते पिळवटून निघतं. ‘व’, ‘प’, ‘न’ त्याचे जमले आहेत. अडला आहे तो ‘क्ष’. बारीक ‘क्ष’च्या गाठीत आतल्या काठाला जे दोन नोड लागतात त्यांना जाड ‘क्ष’मध्ये उभं राहायला जागा नाही, गाठ तिथे बुजूनच जाते. त्याचं म्हणणं, जाड ‘क्ष’मध्ये ते दोन्ही नोड एकाच बिंदूवर एकावर एक ठेवू, माझं म्हणणं, गाठच थोडी डावीकडे उघडू आणि दोन्ही वजनांत ती मोकळी ठेवू. त्याच्या रीतीने ब्लेड त्या बिंदूवर अडखळेल अशी मला शंका आहे, माझ्या रीतीने अक्षर रुंद होऊन ‘क्षत्रिय’सारख्या शब्दात ‘त्र’शी जागेवरून भांडेल अशी त्याला. दोन्ही ‘क्ष’ करून प्लॉटरवर लावायचं ठरलं आहे.